लाल मांजर, निळा उंदीर

सोप्यात केर काढायला गेलेली रत्ना केरसुणी हातात घेऊनच परत आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "अक्का, जरा मामंजींकडं बघा या."

मामंजी म्हणजे आमचे सासरे. त्यांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. फोटो सोप्यातल्या भिंतीवर असायचा, फेटा, कोट आणि करारी चेहरा. मी जाऊन पाहिलं तर मामंजींच्या उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी चिकटवलेली होती. कापसासकट, अगदी व्यवस्थित. खाली स्टूल तसंच होतं.

आमचे हे मागून आले, त्यांनी फोटोकडे पाहिलं आणि तोंडाला टॉवेल लावून आत पळाले. मलाही हसू आवरेना. चारूला बोलावलं. ती सात वर्षांची होती, रत्नाची एकुलती एक. शाळेचा गणवेश घालून, दोन्ही डोळे उघडे ठेवून ती समोर आली. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, "मोठी आई, आजोबांचा डावा डोळा पण आळशी असंल तर?"

मी आणि हे हसत होतो. रत्ना मात्र तिथंच उंबऱ्यावर बसली. पट्टी तिनं त्या सकाळी स्वतःच्या हातानं चारूच्या डोळ्यावर बसवली होती. त्याआधीच्या पट्ट्या कुठे कुठे गेल्या हे तिलाच माहीत होतं. एक शाळेच्या पाण्याच्या टाकीत, एक रिक्षात, एक शेजारच्या कुत्र्याच्या कपाळावर.

चारूचा डावा डोळा किंचित आत वळायचा. आम्ही बरीच वर्षं त्याला गोड समजत होतो. पहिलीच्या बाईंनी सांगितलं तेव्हा मिरजेला डॉक्टर शिराळकरांकडे नेलं. त्या डॉक्टरबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. डोळ्यात काही बिघाड नाही म्हणाल्या, पण मेंदूनं त्या डोळ्याचं ऐकणं सोडून दिलंय. चांगला डोळा झाकून आळशी डोळ्याला कामाला लावायचं, एवढाच उपाय. आणि मुदत आहे. "आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत हा डोळा जागा झाला तर झाला. नंतर मी काही करू शकणार नाही," असं त्यांनी रत्नाच्या तोंडावर सांगितलं.

चांगला डोळा झाकला की चारूला नुसतं धुकं दिसायचं. शाळेत मुलं तिला काणी म्हणायची. रत्नाला रात्रंदिवस एकच दिसायचं, की मुलगी मोठी होईल, लोक बघायला येतील आणि पहिल्या नजरेत उठून जातील. तिचे यजमान, म्हणजे माझे दीर, साखर कारखान्यात पाळीवर असायचे. गळीत हंगामात ते घरी झोपायलाच काय ते येत. त्यामुळे सगळं तिच्यावर आणि थोडंफार माझ्यावर होतं.

मी तेव्हा सांगलीत मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे. ह्यांचं 'मगदूम रेडिओ' नावाचं दुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं. नाव रेडिओ, पण कामं बहुतेक टीव्हीची. त्या वर्षी दुकानात एक कॉम्प्युटर येऊन पडला होता. कुणाच्या भावानं परदेशातून आणला, आपल्याकडच्या विजेच्या चढउतारात त्याचा ट्रान्सफॉर्मर जळला, आणि दुरुस्त झाल्यावर गिऱ्हाईक न्यायला आलंच नाही. ह्यांनी निरोप धाडले. उत्तर आलं, ठेवा तुम्हीच, पोरं नुसती खेळत बसतात.

आजच्या मुलांना त्याला कॉम्प्युटर म्हटलेलं आवडणार नाही. जाड पुस्तकाएवढी काळी पेटी, वर बटणं. ती टीव्हीला जोडायची. प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर ठेवायचा आणि पुन्हा चढवायचा तेव्हा टेपमधून असा चिरका आवाज यायचा की शेजारच्या कुसुमवहिनी खिडकी लावून घ्यायच्या. सोबत इंग्रजी पुस्तक होतं. मी ते उन्हाळ्याच्या सुट्टीत डिक्शनरी घेऊन वाचलं. मला त्याचा नादच लागला. आपण लिहिलेली ओळ पडद्यावर गोळा होऊन चालायला लागते, याचं मला पोळी फुगल्यासारखं सुख व्हायचं.

फोटोच्या प्रकारानंतरच्या खेपेला मीच रत्नाबरोबर मिरजेला गेले. डॉक्टरबाईंना पट्टीची सगळी कर्मकहाणी सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मुंबईला एक यंत्र आहे, त्यात एका डोळ्याला सिंह दाखवतात आणि दुसऱ्याला पिंजरा. सिंह पिंजऱ्यात घालायचा तर दोन्ही डोळ्यांना काम करावंच लागतं. मुलं त्या यंत्रावर आवडीनं बसतात. पण रोज मुंबईला कोण नेणार?

बसमध्ये मी सिंह आणि पिंजऱ्याचाच विचार करत होते. मिरज ते सांगली अंतर ते केवढं. सांगलीच्या अलीकडचं विश्रामबाग येईपर्यंत माझ्या डोक्यात खेळ तयार झाला होता.

चष्म्याच्या एका काचेला लाल कागद आणि दुसरीला निळा लावला, तर काळ्या पडद्यावरचं लाल चित्र फक्त लाल काचेतून दिसेल आणि निळं फक्त निळ्या. चारूच्या चांगल्या, उजव्या डोळ्याला लाल काच. डाव्याला निळी. पडद्यावर एक लाल मांजर, बटणांनी चालवायचं. आणि निळे उंदीर, इथे तिथे लपलेले. मांजर चांगल्या डोळ्याला दिसणार, उंदीर फक्त आळशी डोळ्याला. उंदीर पकडायचे तर त्या डोळ्याला उठावंच लागेल.

जिलेटीनचे कागद ह्यांनी नाटकाचे दिवे लावणाऱ्या एका मित्राकडून आणले. आकाशकंदिलाचे कागद पातळ पडले, त्यातून सगळंच दिसत होतं. नाटकातले दुहेरी लावल्यावर काम झालं. जत्रेतल्या गॉगलच्या काचा काढून त्यात ते बसवले. चारूनं तो चष्मा लावून आरशात पाहिलं आणि दिवसभर काढायला तयार नव्हती. पट्टीत आणि ह्यात तिच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक होता.

डॉक्टरबाईंना आम्ही विचारलं. त्या म्हणाल्या, कागदोपत्री असा उपाय मी पाहिलेला नाही, पण अपाय काही नाही. जमेल तेवढी पट्टी चालू ठेवा आणि हे रोज तासभर करून बघा.

अडचण घरातून आली. टीव्हीजवळ बसलं की डोळे जातात, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. रत्नाही तेच म्हणाली. डोळ्याचं औषध म्हणून पोरीला टीव्हीपुढे बसवायचं, हे तिच्या पचनी पडेना. ह्यांनी तिची समजूत घातली की डॉक्टरनं सांगितलंय, आणि टीव्ही दुरुस्तीचाच आहे, आपल्या घरचा नाही. या दुसऱ्या मुद्द्यानं ती कशी काय तयार झाली मला अजून कळलेलं नाही.

खेळ सुरू झाला. मी त्यात हौसेनं बरंच काही घातलं होतं. मागे घराची भिंत, कोपऱ्यात चंद्र, उंदीर सापडला की छोटी धून, आणि वर नागरीत चारूचं नाव. ते एकेक अक्षर ठिपके मोजून काढलं होतं. पहिल्या दिवशी तिनं तीन-चार उंदीर पकडले. आठवड्यात दहा. मग पंधरा, वीस. दिवाळीच्या आधी ती तासाला चाळिसाच्या वर गेली.

घरात सणच आला. रत्ना संध्याकाळी कट्ट्यावर बसून आकडा सांगायची, जसा लोक क्रिकेटचा सांगतात. कुसुमवहिनी खिडकी उघडून विचारायच्या, "आज किती गं?" कारखान्यातून दीर आले की चपला काढण्याआधी त्यांनाही तेच ऐकायला मिळायचं. रत्ना रोज चारूची दृष्ट काढायला लागली. आणि कितीतरी महिन्यांनी तिच्या तोंडावर हसू आलं. ती लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा जशी हसायची तशी.

एक बारीकसा दोष राहिला होता. मांजर उंदराच्या अगदी जवळ गेलं की उंदीर क्षणभर लाल व्हायचा. त्या मशीनची ती रीतच होती. चित्रं काढायच्या साध्या पद्धतीत पडदा बुद्धिबळाच्या पटासारखा बारीक चौकोनांत वाटलेला, आणि एका चौकोनात दोनच रंग मावायचे, एक मागचा आणि एक पुढचा. मांजराचं नाक उंदराच्या चौकोनात शिरलं की मांजराचा रंग सगळ्या चौकोनाला लागायचा. मला ते खटकायचं. हे म्हणाले, राहू दे, उंदीर घाबरून लाल होतोय असं वाटतं. चारूलाही ते आवडतं, असं आम्ही धरून चाललो.

दिवाळीनंतर आम्ही मिरजेला गेलो ते पेढे घेऊनच. रत्नानं चारूला नवा फ्रॉक घातला होता. डॉक्टरबाईंनी उजवा डोळा झाकला आणि तक्त्याकडे बोट केलं. चारूनं मोठ्यानं, न अडखळता अक्षरं म्हटली. बाईंनी तक्ता बदलला. चारू पुन्हा तितक्याच जोरात म्हणाली. बाईंनी आमच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"ही अंदाजानं सांगतेय. सप्टेंबरमध्ये होता तिथंच आहे डोळा," त्या म्हणाल्या.

पेढ्यांचा पुडा रत्नाच्या मांडीवर तसाच राहिला. घरी आल्यावर तिनं चष्मा फळीवर ठेवला आणि मला शांतपणे सांगितलं, आता हे पुरे. तिच्या भावानं अथणीजवळच्या एका माणसाची माहिती काढली होती. तो अमावास्येला डोळ्यात पाल्याचा रस घालतो. पुष्कळांना गुण आलाय. ती चारूला घेऊन जाणार होती.

आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या डोळ्यात असाच रस घातला होता. तिचा चांगला डोळाही पांढरा झाला होता. मी ते रत्नाला सांगितलं. ती म्हणाली, "अक्का, तुमच्या डॉक्टरनं न् तुमच्या टीव्हीनं काय झालं? मला फसवल्यासारखं झालंय. कुणी फसवलं ते पण कळंना."

मी अमावास्येपर्यंतची मुदत मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी चारूला खेळायला बसवलं. रोज मी तिच्या मागे उभी राहून पडदा बघायचे. त्या दिवशी टीव्हीच्या बाजूला, तिच्या तोंडाकडे बघत बसले. दुकानाचं दार लोटलेलं होतं. हे आत कुणाच्या तरी टीव्हीत डोकं घालून बसले होते.

ती भराभर बटणं दाबत होती. उंदीर सापडल्याची धून सारखी वाजत होती. पण निळ्या कागदामागचा तिचा डावा डोळा मिटलेला होता. घट्ट, झोपेत मिटतो तसा.

मी मशीन बंद केलं नाही. तिच्याशेजारी सतरंजीवर बसले आणि विचारलं, "चारू, तुला उंदीर दिसतात का गं?"

तिची बोटं थांबली. "नाहीत," ती म्हणाली.

"मग पकडतेस कसे?"

"पुसत जाते. आई फरशी पुसती तसं. ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत. एक ओळ झाली की खालची. मधी कुठंतरी उंदीर लाल होतो, मग दिसतोय."

तिनं करून दाखवलं. मांजर डावीकडून उजवीकडे, मग एक पायरी खाली, मग उजवीकडून डावीकडे. एकही कोपरा सुटत नव्हता. तिची आई जशी फडकं फिरवते तसंच. दीड महिना आम्ही मोजत होतो तो आकडा तिच्या चांगल्या डोळ्याचा आणि हाताच्या चपळाईचा होता. त्या एका चौकोनातून मी तिला पळवाट करून दिली होती आणि तिनं ती पहिल्याच आठवड्यात शोधली होती. गणिताची बाई म्हणून मला तिला शाबासकी द्यावीशी वाटली. पण माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"मग आम्हाला सांगितलं का नाहीस?"

ती चष्मा काढून त्याची दांडी चावत बसली. मग म्हणाली, "पहिल्यांदा दहा झाले तेव्हा आई हसली."

आत ह्यांच्या हत्यारांचा आवाज थांबला. त्यांनी ऐकलं होतं.

त्या मशीनला चित्रांची आणखी एक पद्धत होती. पुस्तकात शेवटच्या प्रकरणात तिच्याबद्दल लिहिलं होतं आणि मी ते अवघड म्हणून सोडून दिलं होतं. त्यात चौकोनांची भानगड नव्हती. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग. शेजारी कोण आलं, गेलं, त्याचा काही परिणाम नाही. उंदीर निळा तो निळाच राहणार. पण ही चैन फुकट नव्हती. ठिपके जाडे व्हायचे, आणि प्रत्येकाचा रंग लक्षात ठेवण्यात मशीनची जवळजवळ सगळी मेमरी संपायची. प्रोग्रॅमला उरायची ती चिमूटभर जागा.

माझा आधीचा खेळ त्यात मावणं शक्य नव्हतं. मी एकेक वस्तू काढायला लागले. चंद्र काढला. भिंत काढली. धून काढली. चारूचं नाव काढताना हात जड झाला, पण तेही काढलं. तरी दोनदा मशीननं जागा नाही म्हणून सांगितलं. शेवटी एका रविवारी सकाळी, घरात सगळे जेवायला खोळंबले असताना, ते चाललं. काळाकुट्ट पडदा, एक लाल मांजर, एका वेळी एकच निळा उंदीर.

चारूनं पाहिलं आणि नाक मुरडलं. "हे मांजर हाय? वीट वाटतीय."

हे म्हणाले, "विटेचं मांजर आहे. कृष्णेकाठी तसलीच असतात."

तिनं चष्मा लावला आणि आपल्या सवयीनं पुसायला सुरुवात केली. एक ओळ, दुसरी, तिसरी. मांजर उंदराला चाटून गेलं तरी काही लाल झालं नाही, काही वाजलं नाही. नुसतं वरून जाऊन भागत नव्हतं, उंदरावर थांबून बटण दाबावं लागत होतं, आणि चुकीच्या जागी दाबलं तर उंदीर दुसरीकडे पळायचा. तासाभरानं आकडा शून्य होता. दुसऱ्या दिवशीही शून्य. तिसऱ्या दिवशी तिनं चष्मा भिरकावला आणि जुना खेळ पाहिजे म्हणून रडायला लागली.

तिचं रडणं ऐकून रत्ना आली. पडद्यावरचं शून्य तिनं वाचलं. मी तिला अजून काही सांगितलं नव्हतं. अमावास्या चार दिवसांवर होती, आणि तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली मी पाहिली होती.

"चाळीस होते ते शून्यावर आलं," रत्ना म्हणाली. "अक्का, आता तरी सोडा की तिला."

मी तिला मागच्या पडवीत नेलं आणि सगळं सांगितलं. मिटलेला डोळा, फरशी पुसल्यासारखं पुसणं, लाल होणारा उंदीर. ती ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग जमा होताना मला दिसत होता, पोरीवर का माझ्यावर ते कळत नव्हतं. मग मी शेवटचं सांगितलं. ती असं का करत राहिली ते, तिच्याच शब्दांत.

रत्नाचा राग कुठल्या कुठे गेला. ती धुण्याच्या धोंड्यावर बसली. म्हणाली, "म्हणजे माझ्यासाठी करत होती."

"आत्ताचं शून्य खरं आहे, रत्ना," मी म्हटलं. "इथून आकडा वर गेला तर डोळा सुधारला असं समज. एक झाला तरी तो डोळ्याचा असेल."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि आत गेली. मी मागोमाग गेले. चारू भिंतीकडे तोंड करून बसली होती. रत्नानं जमिनीवरचा चष्मा उचलला, एक कागद सुटला होता तो नीट बसवला, आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसली. या आधी ती कधी टीव्हीपुढे बसली नव्हती. नेहमी दारातूनच बघायची.

"मला दाखव कसं असतंय ते," ती चारूला म्हणाली.

"मला येत नाही. उंदीर दिसतच नाही."

"नाही दिसला तर नाही म्हण. मी रागवत नाही. पण डोळा मिटायचा नाही, काय?"

चारूनं बराच वेळ आईकडे निरखून पाहिलं. मग चष्मा लावला. रत्नाला उंदीर साध्या डोळ्यांनी दिसत होता, वर उजव्या कोपऱ्यात, चांगला निळा ठसठशीत. तिचे हात सारखे पुढे येत होते आणि ती ते मांडीखाली दाबून धरत होती. "दिसतंय काही?" "नाही." "बरं." थोड्या वेळानं पुन्हा, "आता?" "नाही." "बरं." मी मोजलं नाही, पण ती 'बरं' खूपदा म्हणाली, आणि एकदाही तिचा सूर खाली गेला नाही.

मग चारू म्हणाली, "तिथं धुरासारखं काहीतरी हाय."

"कुठं? बोट ठेव."

तिनं काचेवर बोट ठेवलं. ते उंदरापासून चांगलं चार बोटं लांब होतं. रत्नानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, सांगू नको. चारूनं मांजर तिथे नेलं, मग थांबली, डोकं तिरकं केलं, पुन्हा थोडं वर नेलं. हळू, भीत भीत. पुसत नव्हती. बघत होती. तिनं बटण दाबलं आणि वरचं शून्य जाऊन तिथं एक आला.

तिनं आधी आईचं तोंड पाहिलं.

रत्ना हसली नाही. तिला हसणं जमलंच नसतं, तिचे डोळे भरले होते. ती एवढंच म्हणाली, "एक झाला. आज एवढा पुरे."

त्या दिवसापासून ती रोज शेजारी बसायला लागली. भाजी निवडायची, लसूण सोलायची, पण बसायची तिथंच. कट्ट्यावर आकडा सांगणं तिनं बंद केलं. कुसुमवहिनींनी खिडकीतून विचारलं की म्हणायची, खेळतीय की. अमावास्येच्या सकाळी तिचा भाऊ न्यायला आला. त्याला तिनं जेवू घातलं आणि एकट्यालाच परत पाठवलं. दाराजवळची पिशवी संध्याकाळी रिकामी झाली.

आकडा मुंगीच्या पावलांनी चढला. दोन, तीन, पुन्हा दोन, एकदा थेट सहा आणि दुसऱ्या दिवशी एक. चारूला सर्दी झाली, गॅदरिंग आलं, वीज गेली. पट्टीही ती आता थोडी थोडी लावून घ्यायला लागली, कारण पट्टीखालच्या धुक्यात तिला अधूनमधून काहीतरी ओळखू यायला लागलं होतं. एकदा पट्टी लावून ती स्वयंपाकघरात आली आणि लांबूनच म्हणाली, मोठी आई, तुमच्या बांगड्या हिरव्या हायत. मी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

संक्रांत झाल्यावर आम्ही मिरजेला गेलो. पेढे नेले नव्हते. डॉक्टरबाईंच्या खोलीत चारू उंच खुर्चीवर बसली, पाय लोंबत. बाईंनी उजव्या डोळ्यावर पुठ्ठा धरला आणि मुद्दाम नवा तक्ता लावला. रत्ना भिंतीला पाठ लावून उभी होती. तिनं माझं मनगट धरलं होतं.

चारूनं पहिलं मोठं अक्षर वाचलं. मग दुसरी ओळ. मागच्या वेळेसारखी मोठ्यानं, घाईनं नाही. प्रत्येक अक्षराजवळ थांबून, डोकं किंचित तिरकं करून, जसं त्या काळ्या पडद्यावर करायची तसं. तिसरी ओळ. बाईंची पेन्सिल हलली. चौथ्या ओळीत एक अक्षर तिनं आधी चुकीचं म्हटलं, मग स्वतःच दुरुस्त केलं. पाचव्या ओळीशी ती थांबली.

पूर्वी याच जागी तिनं जे सुचेल ते ठोकून दिलं असतं. तिनं मान वळवून आईकडे पाहिलं. डावा डोळा सरळ, आईच्या चेहऱ्यावर.

"आई," ती म्हणाली, "इथनं पुढचं मला दिसत नाही."

"नसू दे," रत्ना म्हणाली. आणि हसली.